उजव्या बाजूची चमक

पॉलिशमामाला चिखलाचा राग नव्हता. हे कुणाला खरे वाटत नसे, कारण टेम्पोतून गाडी उतरवताना तो जे काही पुटपुटायचा ते चिखलालाच उद्देशून आहे अशी ऐकणाऱ्याची समजूत व्हायची. पण चिखल बिचारा पाण्याने जातो. मामाचे डोके फिरायचे ते चिखल गेल्यावर खालून जे निघायचे ते बघून. आणले तेव्हा पिवळेधमक असलेले प्लॅस्टिक आता पांढुरके, ओरबाडलेले, धुतल्यावरही न धुतल्यासारखे. "घाण असती तर काढली असती," तो म्हणायचा, "पण या अवकळेला काय करू?"

गाडी त्याची नव्हती, भाचीची होती. उंच सीट, दातेरी टायर, ना दिवा ना आरसा, मातीच्या ट्रॅकवर उड्या मारण्यापलीकडे जगात काही उपयोग नसलेली गाडी. भाचीला सगळे भिंगरी म्हणायचे. रांगायच्या वयात ती एका जागी ठरत नव्हती म्हणून मामानेच हे नाव ठेवले होते, आणि आता पोरगी विशीत आली, ट्रॅकवर तिच्या नावाने टाळ्या पडू लागल्या, तरी तेच चालू होते.

मामाचे अर्धे आयुष्य एका फर्निचरच्या कारखान्यात गेले. तिथे तो पॉलिश करायचा. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला त्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, "लाकडाला रेषा असते. हात तिच्याच दिशेने चालव. लांब, सरळ, एकसारखा. आडवा-तिडवा हात मारलेला दिसला तर बोटं मोडीन." बोटे मोडायची वेळ कधी आली नाही, पण धाक असा बसला की पुढे जेवणाचे टेबल पुसतानाही मामा फडके एकाच दिशेने ओढायचा. मध्ये एकदा त्याचे लग्न ठरत आले होते. मुलीच्या घरी चहा झाला, बोलणी झाली, सगळे गोडीगुलाबीने चालले असताना मामाने टेबलाच्या कडेखालून बोट फिरवले आणि विचारले, "हे कुठल्या गाढवाने केलंय?" ते मुलीच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केले होते. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

मग खोक्यातून आयती चमकणारी कपाटे येऊ लागली आणि कारखान्याला टाळे लागले. त्याच सुमारास भाऊजी गेले. ताई एकटी, पदरात लहान पोर, बेकरीतली नोकरी अशी की उजाडायच्या आत भट्टीपाशी हजर व्हावे लागे. मामा आपली एक पेटी घेऊन तिच्याकडे आला तो कायमचाच. पोरीची वेणी घालणे, तिला शाळेत सोडणे, तिच्या गुडघ्यांवर औषध लावणे, हे सगळे त्याच्याकडे आले. सायकल शिकवली ती त्यानेच. सायकलची पुढे मोटारसायकल झाली आणि मोटारसायकलची ही उड्या मारणारी गाडी, आणि त्याबद्दलचा पश्चात्ताप ताई त्याच्या वतीने अजून रोज करत होती.

भिंगरी ट्रॅकवर जायची आणि मामा घरामागच्या शेडमध्ये गाडी धुवायचा, अशी वाटणी होती. गाडी धुणे म्हणजे पाइप धरून उभे राहणे नव्हे, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. आधी सायलेन्सरच्या तोंडात रबरी बूच ठोकायचे, हवेच्या गाळणीवर झाकण घालायचे, म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटात जात नाही. पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या मधोमध मारायचा नाही, आतले ग्रीस धुऊन निघते. साबणाचा फेस वर चढवून तो जरा भिजू द्यायचा, घाई करायची नाही. हे सगळे झाल्यावर मामाचे खरे काम सुरू व्हायचे. प्लॅस्टिकवर उठलेली कुसळे तो पात्याने अलगद खरवडायचा. मग पॉलिशपेपर पाण्यात भिजवून आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. जिथे पॅनेल वाकून पांढरे पडले असेल तिथे गरम हवेची गन भरकन फिरवायची, की रंग परत येतो. क्षणभर जास्त रेंगाळलात तर पॅनेलच वितळून तोंड वाकडे करते. शेवटी मलम, मऊ फडके, आणि मग मामा दोन पावले मागे सरून मान तिरकी करून बघायचा.

आणि बघितले की चिडायचा. कारण डावी बाजू.

उजव्या बाजूचे पॅनेल त्याने कधीकाळी घासून चमकवले ते अजून तसेच होते. आठवड्यामागून आठवडे गाडी चिखलात लोळून येई, वरचा चिखल धुतला की उजवे पॅनेल खालून हसत बाहेर पडे. तोंड बघून केस विंचरावेत इतके लख्ख. आणि डावे? रविवारी चमकवावे, पुढच्या शनिवारी पुन्हा घासलेल्या पातेल्यागत. तोच हात, तोच पेपर, तेच मलम. मामाने मलम बदलून पाहिले. पेपर बदलून पाहिला. डाव्या बाजूला दुप्पट वेळ दिला. काही उपयोग नाही. उजव्या बाजूकडे बघून तो स्वतःवर खूश व्हायचा आणि डाव्या बाजूकडे बघून सगळ्या जगावर नाराज.

त्यात या खेपेला गोष्ट साधी नव्हती. एका मोठ्या संघात एक जागा रिकामी झाली होती. त्या संघात शिरले की गाडी, टायर, दुरुस्ती, प्रवास, सगळे संघाचे. भिंगरी ज्याची स्वप्ने शाळेच्या बाकावर बसून बघत होती तेच हे. संघाचा माणूस शनिवारच्या सरावाला येणार होता. स्वतः कधीकाळी नावाजलेला चालवणारा, आता केस पिकलेले, ट्रॅकवर सगळे त्याला पारखी म्हणत. त्याची एक खोड प्रसिद्ध होती. तो आधी गाडी बघायचा, मग माणूस. सराव संपला की प्रत्येक गाडीच्या अंगावरून हात फिरवत जायचा. हे ऐकल्यापासून मामाच्या डोक्यात एकच भुंगा होता, की त्या हाताखाली डावी बाजू आली तर माझ्या पोरीची आणि माझी शोभा होईल.

म्हणून तो डावे पॅनेल उचकटून थेट स्पेअरवाल्याच्या दुकानात गेला.

"तुम्ही मला बनावट माल दिलात," त्याने पॅनेल काउंटरवर आपटले. "उजवं घरी गाडीवर आहे, अजून बाहुलीसारखं राहिलंय. आणि हे डावं, एका शनिवारात वाट लागते त्याची. दोन्ही एकाच पाकिटातून काढून दिली होतीत ना मला?"

स्पेअरवाला जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. त्याने पॅनेल उलटेपालटे केले, उजेडात धरले.

"माल बरोबर आहे, मामा. बूट घासतोय."

"बूट घासतोय म्हणजे?"

"म्हणजे काय? ही गाडी हाताने धरत नाहीत, गुडघ्यांनी आणि घोट्यांनी आवळून धरतात. नाहीतर पहिल्याच उडीत माणूस एकीकडे आणि गाडी एकीकडे. आवळली की घासणारच. माझ्याकडे येणारी सगळी पॅनेलं अशीच असतात." तो हसला. "न घासलेलं पॅनेल दिसलं ना, की मी समजतो, गाडी नुसती दारात उभी असते."

मामाने पॅनेल काखेत मारले आणि तो तणतणत बाहेर पडला. चौक ओलांडताना तो मनातल्या मनात स्पेअरवाल्याला सुनावत होता. म्हणे बूट घासतोय! बूट घासायचा तर दोन्हीकडे घासला असता. माझ्या पोरीला काय एकच पाय आहे?

रस्त्याच्या मध्यावर त्याचा पाय थबकला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा तो फुटपाथवर चढला आणि तिथल्याच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला.

गेले कित्येक आठवडे तो भिंगरीवर कशाकशासाठी करवादला होता ते त्याला एकेक करून आठवू लागले. आधी ती त्याच्या शेजारी उकिडवी बसून इंजिनाखालची माती ब्रशने काढायची आणि काढता काढता ट्रॅकवरच्या सगळ्यांच्या नकला करायची. हल्ली ती उभ्याने पाइप धरायची. मामा म्हणाला होता, नाव होऊ लागलं तशी बाईसाहेबांची कंबर वाकेनाशी झाली. गाडीची किक उजव्या पायाने मारावी लागते. हल्ली ती गाडी शेडसमोरच्या उतारावर ढकलून सुरू करायची, आणि मामा ओरडायचा की गियरची वाट लावशील. एकदा तर तो सायलेन्सरमधले बूच काढायलाच विसरला होता. पूर्वी असे झाले तेव्हा तिने बिचारीने किक मारून मारून घाम गाळला होता, आणि खरे कारण कळल्यावर हसून हसून जमिनीवर बसली होती. या वेळी तिने एकदाच किक मारली, तीही डाव्या पायाने, गाडीच्या बाजूला उभी राहून, आणि दात आवळून म्हणाली, "तूच बघ काय झालंय ते." मामाला वाटले होते, पोरीला माज आलाय. बूटसुद्धा आधी शेडच्या दारात काढायची. आता चिखलाच्या बुटांनी थेट खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. लादीवरच्या डागांवरून ताईने आणि त्याने मिळून तिला झाडले होते.

उजव्या बाजूची चमक त्याच्या हाताची नव्हतीच. त्या बाजूला पोरीचा पाय गाडीला लागतच नव्हता.

मामाला स्वतःची चीड आली, पण ती नेहमीसारखी बडबड करून घालवता येणारी चीड नव्हती. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याने इतके दिवस फडक्याने पुसली होती, वर तिच्याकडे बघून मिशीला पीळ दिला होता.

घरी आला तेव्हा भिंगरी शेडमध्ये साखळीला तेल देत होती. स्टुलावर बसलेली, उजवा पाय सरळ समोर पसरलेला. आता दिसायला लागल्यावर काय, आंधळ्यालाही दिसले असते.

"किती दिवस झाले?" मामाने विचारले.

"कशाला?"

"माझ्याशी वेड पांघरून बोलू नकोस. गुडघा."

तिने तेलाची बाटली खाली ठेवली. नाही म्हणायला तोंड उघडले, पण मामाच्या काखेतले पॅनेल तिला दिसले आणि तिने तेलाचे हात पँटला पुसले.

"टेकडीवरच्या ट्रॅकला पडले होते ना, तेव्हाचं आहे," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता मध्येच अडकतो. वाकतो, पण पूर्ण नाही. दुखत वगैरे नाही."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की ते म्हणणार, गाडी बंद. मला माहितीये. मामा, शनिवारचा सराव आणि रविवारची शर्यत, एवढं होऊ दे. एकदा जागा मिळाली की संघाचाच डॉक्टर असतो, ते बघतील काय ते. आईला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे."

"आणि उडी मारताना अडकला म्हणजे?"

"नाही अडकणार. मी डावीकडे भार टाकते. जमतं मला." मग पायाच्या बोटांकडे बघत म्हणाली, "फक्त एक काम कर माझं. तो पारखी पॅनेलं बघतो. त्याला लगेच कळेल. तू उजवं पॅनेल घासून डाव्यासारखं कर."

मामाला आधी कळलेच नाही. "चमकवलेलं आहे ते."

"तेच तर. त्याची चमक घालव."

आयुष्यभर त्याच्याकडे माणसे आली ती चमक आणून दे म्हणत. ओरखडलेली टेबले, काळवंडलेल्या खुर्च्या, पाणी पडून पांढरी झालेली दारे घेऊन आली. घालव म्हणून कुणी आले नव्हते. त्याने तिला फैलावर घ्यायला तोंड उघडले. तिने मान वर केली. ती रडत नव्हती. रडली असती तर मामाने साफ नकार दिला असता, रडणाऱ्या पोरीला कसे समजवायचे ते त्याला माहीत होते. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात शाळेचा बाक, भिंतीवर चिकटवलेली गाड्यांची चित्रे, पहाटेचे उठणे, सगळे होते.

"शर्यत झाली की सोमवारी डॉक्टर," मामा म्हणाला.

"सोमवारी डॉक्टर," ती लगेच म्हणाली. फार लगेच म्हणाली, हे मामाच्या लक्षात आले, पण त्याने ते लक्षात आले नाही असे धरून चालायचे ठरवले.

ती खोलीत गेल्यावर त्याने डावे पॅनेल परत गाडीवर चढवले आणि खरखरीत पेपर हातात घेतला. उजव्या पॅनेलमध्ये त्याचाच चेहरा दिसत होता, बऱ्यापैकी वैतागलेला. पहिला हात त्याने डोळे मिटून मारला. पण एकदा काम सुरू झाले की हात आपल्या वाटेने जातात. वरून खाली, वरून खाली, एकसारखा दाब, कुठे कमी नाही कुठे जास्त नाही. मध्ये तो डाव्या बाजूला जाऊन किती निस्तेज झाले आहे ते बघून यायचा आणि परत लागायचा. संध्याकाळच्या उजेडात दोन्ही बाजू एकसारख्या मेलेल्या दिसू लागल्या तेव्हा त्याने हात थांबवले, दोन पावले मागे सरून मान तिरकी केली, आणि इतक्या लबाडीच्या कामातसुद्धा त्याला वाटले, वा, बेमालूम झालंय.

शनिवारी सकाळी ट्रॅकवर गर्दी होती. रात्री पाण्याचा टँकर फिरवून माती भिजवलेली. भिंगरीने टेम्पोच्या आडून गाडी उतारावर सोडून सुरू केली. मामा दोरीपाशी उभा राहिला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा गाडीऐवजी चालवणारीकडे बघितले. डाव्या वळणांना ती सुरीसारखी जायची. उजव्या वळणाला आधीच वेग कमी करायची, आणि उडीवरून खाली येताना गाडीचे मागचे चाक किंचित उजवीकडे पळायचे, ती ते खांद्यांच्या जोरावर ओढून आणायची. प्रत्येक उडीला मामाची मूठ आवळायची. हे इतके स्पष्ट दिसत असताना आपण इतके दिवस चिखल किती उडतोय तेवढेच बघत होतो, या विचाराने तो मनात स्वतःला शिव्या घालत राहिला.

सराव संपल्यावर गाड्या धुऊन रांगेत लावायच्या होत्या. मामाने बूच ठोकले, गाडी धुतली, बूच आठवणीने काढले. भिंगरी गाडीच्या डाव्या बाजूला उभी राहिली, हेल्मेट काखेत, चेहऱ्यावर काहीच नाही अशा थाटात. पारखी एकेका गाडीपाशी थांबत, कुणाशी दोन शब्द बोलत आला. त्याने डाव्या पॅनेलवरून पंजा फिरवला आणि मान हलवली. मग वळसा घालून उजवीकडे गेला. पंजा फिरवला. थांबला. खाली वाकला, गाल जवळजवळ प्लॅस्टिकला टेकवून तिरक्या नजरेने बघितले.

"हे कुणी घासलं?"

"बुटाने घासलंय," भिंगरी म्हणाली.

"बूट गोल घासतो, पोरी. टाच फिरते, गुडघा पुढे-मागे होतो. हे बघ डावीकडे, कशा चंद्रकोरी उमटल्यात. आणि इकडे?" त्याने नखाने वरून खाली रेघ ओढली. "सगळे ओरखडे सरळ, एका दिशेने, एकसारखे. हे कुणीतरी बसून केलेलं आहे." त्याने आजूबाजूला बघितले आणि त्याची नजर फडके घेऊन उभ्या असलेल्या मामावर थांबली. "तुम्ही सुतार का?"

"पॉलिशवाला," मामा म्हणाला.

"हात चांगला आहे तुमचा," पारखी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मामाला जास्त लागले. एवढ्या वर्षांत कुणी जाणकाराने त्याच्या हाताला चांगले म्हटले नव्हते, आणि म्हटले ते नेमके आज.

मग पारखी भिंगरीकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "उकिडवी बस बघू."

ती बसायला गेली. अर्ध्यात तिचा उजवा पाय थांबला. ती आणखी खाली जायला बघत होती आणि पाय ऐकत नव्हता, आणि बाजूच्या गाडीजवळची पोरे दुसरीकडे बघू लागली.

"बास," पारखी म्हणाला. "पाय दाखवून घे. बरा झाला की ये, मी बघेन. या खेपेची जागा मात्र मला भरावी लागेल." तो पुढच्या गाडीकडे गेला.

टेम्पो परत निघाला. रविवारच्या शर्यतीचा क्रमांक भिंगरीने छातीवरून उपटून काढला होता आणि तो तिच्या मुठीत चुरगळलेला होता. 

घरामागच्या शेडमध्ये गाडी उतरवून स्टँडवर लावली. ताई घरात होती, स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते. भिंगरी खोलीकडे गेली नाही. दारात उभी राहिली.

"मुद्दाम केलंस ना?" ती म्हणाली. "मला अडवायचं होतं तर तोंडावर सांगायचं होतंस. सगळ्यांसमोर माझा पचका करायची काय गरज होती?"

मामाला क्षणभर वाटले, हो म्हणावे. हो म्हटले तर तो निदान शहाणा मामा ठरला असता, पोरीचा पाय वाचवण्यासाठी वाईटपणा घेणारा. आज ना उद्या तिलाही ते पटले असते.

"नाही गं," तो म्हणाला. "मनापासून केलं. तुझं काम व्हावं म्हणूनच केलं."

"मनापासून? असं? सरळ रेघोट्या मारून?"

"माझा हात तसाच चालतो. मला दुसरं येत नाही."

मग तिचा संताप अनावर झाला. पॉलिशचा सगळा डबा तिने लाथेने उडवला, डाव्या पायाने. "एवढी वर्षं गाडी धुतोयस, मामा! एकदा तरी बघितलंस का पाय कसा घासतो ते? थांब, तुला दाखवते."

स्टँडवरच्या गाडीवर ती डाव्या बाजूने चढली. चिखलाचे बूट तसेच पायात. "हे बघ. असं." तिचा डावा गुडघा आत आला, पोटरीने पॅनेल आवळले, टाच फिरली, आणि वाळत आलेल्या चिखलाची एक चंद्रकोर पिवळ्या प्लॅस्टिकवर उमटली. "दिसलं? असं गोल. आणि इकडे..."

उजवा पाय तिने उचलला. गुडघा अर्ध्यावर आला आणि अडकला. तिने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरले आणि पुन्हा प्रयत्न केला. बुटाचे टोक पॅनेलपाशी गेले, टाच आत वळेना. तिने तिसऱ्यांदा जोर लावला, तसा तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती थांबली नाही. मामाला दाखवायचे आहे हे ती विसरली होती. ती आता स्वतःलाच दाखवत होती.

मामा पुढे झाला आणि त्याने तिचा पाय खालून धरला.

"सोड," ती म्हणाली.

त्याने सोडला नाही. तिच्या पायाचे सगळे वजन त्याच्या हातात आले आणि तिने हळूच कपाळ हँडलवर टेकवले.

"दुखतंय रे मामा," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

मामाने बुटाची बक्कले एकेक करून सोडवली. चिखल बक्कलांच्या खाचांत घट्ट बसला होता, तो त्याने नखांनी उकरला. बूट निघताना ती कळवळली आणि मामाने तोंडाने चुकचुक केले, ती लहान असताना गुडघ्यावर औषध लावताना करायचा तसे. पँटचा पाय वर सरकवला तर गुडघा सुजून डाव्याच्या दीडपट झाला होता. 

त्याने तिचा पाय स्टुलावर अलगद टेकवला. फडके शेजारीच खुंटीला लटकत होते. ते त्याने घेतले नाही. कोपरापर्यंत चिखलाने भरलेल्या हातांनी त्याने घराचे दार लोटले, दारावर पाची बोटे उमटली, आणि तो आत ताईला बोलवायला गेला.